तेंच स्थळ, निराळ्या भिंती

एकाच कथेचे तीन-चार चित्रपट ओळीनें पाहणाऱ्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते, आणि ती करणारीं बहुधा मुलें असतात. मागल्या चित्रपटांत अंतराळयानाच्या कप्तानाची खोली अशी नव्हती. कठडे तांबडे होते ते करडे कसे झाले, खुर्ची खालीं होती ती वर कशी चढली, आणि यान तर तेंच म्हणतात! यावर वडील मंडळी "सिनेमाच तो, त्यांत काय एवढें पाहायचें" असें म्हणून मोकळी होतात. आम्हांस हें उत्तर पसंत नाहीं. ज्या मुलाला भिंतीचा रंग बदललेला दिसला त्याचे डोळे उघडे आहेत, एवढें तरी मान्य केलें पाहिजे. आणि उघडे डोळे मिटावयास लावणें हें ज्याचा जन्म शिक्षकी पेशांत गेला त्यास तरी शोभत नाहीं. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. तो यानावरून निघाला तरी जाऊन पोंचतो आपल्या सिंहगड-रायगडापाशीं, हें पुढें दिसेल.

प्रथम यानाची हकीकत सांगूं. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन कथामाला १९६६ सालीं दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तींतील यानाचें नांव 'एंटरप्राइझ'. कप्तान जेथें बसून हुकूम सोडतो ती वाटोळी खोली मॅट जेफरीज यानें आंखिली होती. भाकरीचे चतकोर करावे तसे त्या खोलीचे तुकडे सुटे होत. कारण कॅमेरा आंत शिरावयाचा तर एक भिंत बाजूला ओढल्याखेरीज गत्यंतर नसतें. रंगीत दूरचित्रवाणी त्या वेळीं अमेरिकेंतहि नवीच होती, तेव्हां कठडे आणि दारें तांबडीभडक ठेविलीं होतीं. पुढें तेरा वर्षांनीं, १९७९ सालीं, या कथेचा पहिला चित्रपट निघाला, आणि तींच माणसें त्याच नांवाच्या यानांत एका फिकट, करड्या खोलींत बसलेलीं दिसलीं. कथेंत याचें कारण दिलें आहे तें असें कीं, यान दीड वर्ष दुरुस्तीस घातलें होतें आणि त्याची नव्यानें रचना झाली. हें कारण आमच्या बंदरावरील वाचकांस तात्काळ पटेल. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यांत जातात तेव्हां कित्येकींचे रंग ओळखूं येत नाहींत.

परंतु हें कथेंतलें कारण झालें. घडा कशाचा, असें विचारल्यास नैयायिक कुंभाराची गोष्ट सांगत बसत नाहीं, मातीकडे बोट दाखवितो. तशी या खोलीची माती कोणती? त्या चित्रपटाच्या कित्येक खोल्या मूळ चित्रपटाकरितां बांधल्याच नव्हत्या. 'फेज टू' नांवाची नवी दूरचित्रवाणी-मालिका काढावयाची म्हणून त्यांचें काम सुरू झालें. मालिका मध्येंच रद्द झाली, चित्रपट काढावयाचें ठरलें, आणि अर्धवट उभें असलेलें बांधकाम मोठ्या पडद्यास साजेल असें फिरविलें गेलें. घरांतल्या लहानशा कांचेवर जी फळी पोलादाची वाटते तिचे सांधे मोठ्या पडद्यावर उघडे पडतात. या पहिल्या चित्रपटाचा खर्च सुमारें चार कोटी चाळीस लक्ष डॉलर सांगतात. १९८२ सालच्या दुसऱ्यास सुमारें एक कोटी वीस लक्षच मिळाले. मग दुसऱ्यानें काय केलें? पहिल्याचीच खोली वापरली. एवढेंच नव्हे, तर तिचीच मांडणी जराशी बदलून तिला शत्रूच्या ताब्यांतलें दुसरें यान बनविलें. नायक आणि प्रतिनायक त्या सबंध चित्रपटांत एकमेकांसमोर उभे राहत नाहींत, केवळ यंत्राच्या पडद्यावरून एकमेकांशीं बोलतात. दोघांची लढाई प्रेक्षकांनीं श्वास रोखून पाहिली, आणि दोघेहि एकाच खोलींत निरनिराळ्या वेळीं बसून गेले होते!

आणखी एक कारण चौकटीचें. दूरचित्रवाणीचें जुनें चित्र चार हात रुंद तर तीन हात उंच या मापाचें असे. चित्रपटाचें रुंद चित्र तीन हात उंच असेल तर सात हात रुंद असतें. त्याच कथेंतील दुसरें, पुढच्या काळांतलें यान १९८७ ते १९९४ पर्यंत दूरचित्रवाणीवर होतें. १९९४ सालीं त्याला चित्रपटांत आणिलें तेव्हां दोहों बाजूंस जी जागा नव्यानें दिसूं लागली ती रिकामी ठेवून चालेना. बाजूच्या भिंतींपाशीं नवीं यंत्रें मांडिलीं, कप्तानाची खुर्ची उंच केली, दिवे मंद केले. त्या चित्रपटाच्या अखेरीस यान कोसळतें, आणि १९९६ च्या चित्रपटांत नवें यान येतें. नवें यान म्हणजे नवी खोली, आणि नवी खोली म्हणजे कलादिग्दर्शकास मोकळा हात. तेव्हां यान कोसळलें तें कथेच्या सोयीनें कीं सुतारांच्या, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपवितों.

आमच्या देवगडाकडे असली तक्रार पिढ्यान् पिढ्या कधीं उद्भवली नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या लोकांचे डोळे मिटलेले होते हें नव्हे. दशावताराच्या खेळांत देखावाच नसतो. देवळापुढल्या मांडावर एक लांकडी बाकडें असतें. राजा त्यावर बसला कीं तें सिंहासन, शंकर बसला कीं तोच कैलास. पेटी, मृदंग आणि झांज एका बाजूस. संवादहि पाठ केलेले नसतात, नट ते उभ्या जागीं रचितो. सगळा खर्च वेषावर, किरीटावर आणि रंगावर. काल ज्या बाकड्यावर दुर्योधन बसला त्यावर आज विष्णु कसा, असें कोण्या मुलानें विचारल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. अलीकडे 'ट्रिकसीन'चीं नाटकें निघालीं आहेत. त्यांत विजेच्या दिव्यांची करामत असते, देव अकस्मात् प्रकट होतात, राक्षसाचें मुंडकें तुटतें. गर्दी चांगली होते आणि कंपनीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही नाकें मुरडीत नाहीं. मात्र एकदां डोंगर बांधला कीं पुढच्या जत्रेस तो मागच्याहून उंच बांधावा लागतो. बाकड्याला ही चिंता नव्हती.

संस्कृत नाटककारांनाहि ती नव्हती. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंत मातलीसह इंद्राच्या रथांतून आकाशमार्गें खालीं उतरतो. आजच्या भाषेंत तें अंतराळयानच होय. कालिदासानें तेथें एक खिळाहि ठोकलेला नाहीं. रथ मेघांच्या थरांतून चालला आहे, खालची पृथ्वी वर येत असल्यासारखी दिसते आहे, हें सर्व राजाच्या बोलण्यांतून आणि नटाच्या अभिनयांतून उभें राहतें. शब्दांचा रथ असल्यामुळें तो उज्जयिनींत आणि आमच्या वर्गांत सारखाच दिसला.

पडदे आले आणि ही स्थिति बदलली. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यांत 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें, आणि पुढें संगीत नाटकांबरोबर रंगविलेल्या पडद्यांचीहि हौस वाढत गेली. गंमत अशी कीं, या नाटकमंडळ्यांपुढें यानाच्या उलट अडचण होती. लहान कंपनीजवळ जंगलाचा एक, रस्त्याचा एक आणि महालाचा एक, एवढेच पडदे असावयाचे. त्यामुळें दुष्यंताचा महाल तोच सुभद्रेच्या दादाचाहि महाल! स्थळें निराळीं आणि भिंती त्याच. प्रेक्षक तेंहि चालवून घेत, कारण ते गाणें ऐकावयास आलेले असत.

हे पडदे रंगविणाऱ्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधु अग्रगण्य होते. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढिली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढें ठेविला. पडद्यांचा एवढा मोठा कारागीर, पण चित्रपटांत पडदा कामाचा नाहीं हें त्यानेंच ओळखिलें. रंगविलेल्या खांबाची सावली चित्रकार एकदांच काढतो, ती हलत नाहीं. चित्रीकरण तर सूर्यप्रकाशांत चालावयाचें. दादासाहेब फाळक्यांनींहि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' दादर येथें उन्हाच्याच उजेडांत घेतला. सकाळीं रंगाची सावली आणि उन्हाची सावली जुळली तरी दुपारीं दोघी दोन दिशांस जाणार. त्यावर उपाय एकच: खांब खरोखरच उभा करावयाचा, म्हणजे त्याची सावली तोच पाडील. बाबूरावांनीं भरीव देखावे उभारले ते यास्तव, असा आमचा समज आहे; आणि येथून पुढें एकाच स्थळाच्या भिंती चित्रपटागणिक बदलूं लागल्या.

याचें उत्तम उदाहरण सिंहगड. तानाजी मालुसऱ्यांनीं फेब्रुवारी १६७० मध्यें तो गड घेतला, ती एकच रात्र आमच्या चित्रपटकारांनीं पुनःपुन्हां उभी केली आहे. १९२३ सालीं बाबूराव पेंटरांनीं हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून मूकपट केला. प्रसंग रात्रीचा, सूर्याच्या भरंवशावर रात्र कशी घ्यावी? त्यांनीं कृत्रिम प्रकाश वापरला, आणि आमच्या चित्रपटाच्या इतिहासांत ती गोष्ट मोठी मानितात. दिवा आला म्हणजे भिंतीचा अर्थच फिरतो. उन्हांत सगळी भिंत दिसते. दिव्यांत कारागीर म्हणेल तेवढीच दिसते, बाकी अंधार फुकट मिळतो.

दहा वर्षांनीं, १९३३ सालीं, प्रभात कंपनीनें तीच कथा पुन्हां घेतली. या वेळीं दिग्दर्शक शांताराम होते, आणि ते तर बाबूरावांच्या मूकपटांत स्वतः भूमिका केलेले. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हेहि बाबूरावांच्याच हाताखालीं तयार झालेले. म्हणजे गड तोच, कथा तीच, माणसें त्याच शाळेचीं. तरी देखावा तोच ठेवितां येण्याजोगा नव्हता, कारण मध्यंतरीं चित्रपट बोलूं लागला होता. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं येऊन गेला होता. बोलपटांत भिंतीला कान असतात, आणि तोंडहि असतें. कठीण, गुळगुळीत भिंत आवाज परत फेंकते. कापड आणि गोणपाट तो गिळतात. दगडी म्हणून रंगविलेल्या फळीवर मावळ्याचा पाय पडला आणि फळी पोकळ वाजली, तर गडाचा दगडीपणा तेथेंच संपला. मायक्रोफोन नटांच्या डोक्यावर, पण चित्राच्या बाहेर टांगावयाचा, म्हणून छत बहुधा नसावयाचें. वाचकांनीं जुना बोलपट पाहतांना महालाचें छत शोधून पाहावें, क्वचितच सांपडेल.

त्याच १९३३ सालीं प्रभातनें 'सैरंध्री'हि पुन्हां काढिला, आणि तो रंगीत करण्याचें धाडस केलें. त्याकरितां फिल्म जर्मनींत नेली होती. रंग मनाजोगे उतरले नाहींत. पण भिंती रंगविणाऱ्यांची त्या वेळीं काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करण्यासारखी आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रांत हिरवें आणि तांबडें यांतला भेद दिसत नाहीं, उजेड कमी कीं अधिक एवढेंच दिसतें. म्हणून कारागीर भिंतीला डोळ्यांस विचित्र दिसणारा रंग देऊनहि पडद्यावर संगमरवर दाखवूं शके. रंगीत फिल्म आल्याबरोबर ही सारी विद्या उलटी शिकावी लागली. शांतारामांनीं शकुंतलेची कथा १९४३ सालीं काळ्या-पांढऱ्या 'शकुंतला' चित्रपटांत आणि १९६१ सालीं रंगीत 'स्त्री' चित्रपटांत, अशी दोनदां घेतली. दिग्दर्शक एकच, कण्वाश्रमहि एकच. पण पहिला आश्रम छायाप्रकाशाचा आणि दुसरा रंगांचा.

सिंहगडाकडे परत येऊं. २०२० सालीं 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट आला, आणि २०२३ सालीं दिग्पाल लांजेकर यांचा मराठी 'सुभेदार'. पहिल्यांत गडाचा पुष्कळसा भाग संगणकावर रचलेला. कडे असे कीं तळ दिसूं नये, आणि एक अजस्त्र तोफ. आमचें मत विचाराल तर सिंहगडाचे कडे मुळांतच पुरेसे उंच आहेत, त्यांना आणखी ताणण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण पुण्यापासून इतक्या जवळ खरा गड उभा असतां तो खोटा कां बांधावा, असें कोणी विचारील तर तें मात्र योग्य नव्हे. आजच्या गडावर मोटारीचा रस्ता आहे, दूरचित्रवाणीचा मनोरा आहे, पिठलें-भाकरीच्या पाट्या आहेत. १६७० सालच्या सिंहगडाची भूमिका करावयास आजचा सिंहगडच अपात्र ठरला आहे.

आतां मूळ तक्रारीकडे पाहूं. 'एंटरप्राइझ'चा कठडा बदलला म्हणून मुलें आणि मोठीं माणसेंहि हळहळतात. सिंहगडाचा दरवाजा चारदां निराळा झाला तरी कोणाची हळहळ ऐकूं येत नाहीं. हें उलटें नव्हे काय? जें यान कधीं नव्हतेंच त्याचें पहिलें दर्शन हीच प्रेक्षकांची श्रुति. नंतरचे सारे चित्रपट स्मृति, आणि दोहोंत विरोध आला कीं श्रुति श्रेष्ठ. म्हणूनच १९९४ सालीं मोडलेली ती खोली २०२३ सालीं 'पिकार्ड' या मालिकेकरितां जशीच्या तशी पुन्हां बांधून काढिली, आणि जुने नट तींत पाऊल टाकतात तेव्हां पाहणारे गहिंवरले. फळ्यांच्या त्या खोलीला एवढा मान मिळतो, कारण तिच्यामागें दुसरें कांहींच नाहीं.

गडांच्या मागें मात्र खरी वस्तु आहे, आणि ती पुष्कळ अंशीं नष्ट झाली आहे. रायगड मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांखालीं जळाला. वाड्यांचीं जोतीं उरलीं. पुण्यांत सहलीचीं मुलें ज्या लाल महालापुढें उभीं राहून छायाचित्रें घेतात तो १९८० नंतरच्या दशकांत नव्यानें बांधलेला आहे. मुलांना हें सांगावें लागतें; न सांगितल्यास शाहिस्तेखान याच खिडकींतून पळाला असें तीं खुशाल वहींत लिहितात. अशा स्थितींत दहा चित्रपटांनीं दहा प्रकारचा दरबार दाखविला, तर आम्हांस त्यांत हानि दिसत नाहीं. सर्वांनीं एकच दरबार दाखविला असता तर तोच खरा, अशी पक्की समजूत होऊन बसली असती. देखावे बदलतात म्हणून तरी एखादें मूल विचारतें, "मग खरा कसा होता?"

परंतु ही मोकळीक जेथें साक्ष नाहीं तेथपर्यंतच. जेथें साक्ष आहे तेथें कलादिग्दर्शकाचा हात बांधलेला असावा. १६७४ च्या राज्याभिषेकास हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या दोहों बाजूंस सोनेरी भाल्यांवर काय काय होतें, तें त्यानें नोंदवून ठेविलें आहे: मोठ्या दांतांचीं सोन्याचीं मत्स्यमुखें, घोड्यांच्या शेपट्या, आणि सोन्याचा तराजू. हीं चिन्हें प्रत्येक चित्रपटांत तींच दिसलीं पाहिजेत. मग खांब कोणी गोल करो कीं चौकोनी, पडदे तांबडे लावो कीं हिरवे. पुढच्या वेळीं मुलांबरोबर राज्याभिषेकाचा प्रसंग पाहाल तेव्हां ते मासे आणि तो तराजू शोधावयास सांगा. सांपडले तर कोणीतरी कागद वाचून काम केलें आहे असें समजावें. न सांपडले तर चित्रपट टाकाऊ ठरत नाहीं, परंतु निर्मात्यास एक पोस्टकार्ड लिहावयास हरकत नाहीं. आम्हीं अशीं दोन लिहिलीं आहेत, उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

पुष्पक विमानाचें चित्र प्रत्येक दिनदर्शिकेवर निराळें कां, असें एका वाचकभगिनींनीं मागेंच विचारलें आहे. वाल्मीकींनीं त्यास हंस जोडले आहेत, आणि चित्रकारांनीं कोणीं त्याला देवळाचें शिखर दिलें तर कोणीं नुसतेच पंख. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.